बारावीनंतरची वकिली : पाच वर्षांचा हिशेब

बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे डॉक्टर की इंजिनिअर, याचीच चर्चा चालते. अलीकडे आणखी एक प्रश्न कानावर येतो, 'बारावीनंतर थेट वकिलीला जाता येतं म्हणे?' येतं. पण मंडळी, प्रवेशाआधी त्याचा हिशेब घरात बसून नीट मांडला पाहिजे.

वकील होण्याच्या दोन वाटा आहेत. जुनी वाट म्हणजे आधी तीन वर्षांची पदवी आणि मग तीन वर्षांचे एलएल.बी. एकूण सहा वर्षे. दुसरी वाट १९८०च्या दशकात सुरू झाली. बी.ए. आणि एलएल.बी. एकत्र, पाच वर्षांत दोन पदव्या. १९८७ साली बंगळुरूला स्थापन झालेल्या राष्ट्रीय विधी विद्यालयाने तिला प्रतिष्ठा मिळवून दिली. २०१७ साली राष्ट्रीय विधी विद्यापीठ तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरातही आले. बीडच्या मुलांना हे शिक्षण आता फार लांब राहिलेले नाही.

बारावीची शाखा कोणतीही चालते. खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के गुण लागतात, राखीव प्रवर्गांना सवलत आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठासाठी 'क्लॅट' ही परीक्षा इंग्रजीतून द्यावी लागते. राज्यातल्या इतर विधी महाविद्यालयांसाठी राज्याची सीईटी असते, ती मराठीतूनही देता येते.

एक वर्ष वाचते, हे खरे. आपल्या जिल्ह्यात त्या एका वर्षाला मोल आहे. मुलगी विशीत आली की पाहुणे विचारू लागतात, बापावर कर्ज असते, धाकटी भावंडे रांगेत असतात. पण ही बचत एका अटीवर मिळते. पाचही वर्षे पुरी झाली पाहिजेत.

पूर्वी मुंबई विद्यापीठासारख्या ठिकाणी तीन वर्षांनंतर बी.एल.एस. ही पदवी हाती पडत असे. बार कौन्सिलच्या २००८ च्या नियमांनी असे मधले दार बंद केले. तीन वर्षे शिकून मुलगी घरी बसली, तर तिला एलएल.बी. नाही आणि बी.ए.सुद्धा नाही. पदवी नाही म्हणून राज्यसेवेच्या परीक्षेचा अर्जही भरता येत नाही. साध्या बी.ए.ला नव्या शैक्षणिक धोरणाने मधून बाहेर पडून प्रमाणपत्र किंवा पदविका घेण्याची सोय दिली आहे. या अभ्यासक्रमाला ती धरून चालू नये.

अमेरिकेत पदवी चार वर्षांची आणि कायदा तीन वर्षांचा असतो. तिथली काही विद्यापीठे कायद्याचे पहिले वर्षच पदवीचे चौथे वर्ष धरतात, म्हणजे सात वर्षांचे शिक्षण सहा वर्षांत होते. पण ते वर्ष पार पडले की पदवी पदरात पडते. पुढे कायदा सोडला तरी मुलगा रिकाम्या हाताने परतत नाही. आपल्याकडे ती सोय नाही.

दुसरी गोष्ट हजेरीची. नियमाने सत्तर टक्के हजेरी लागते. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन निघालेले कुटुंब उन्हाळ्याच्या तोंडावर परतते. त्या घरातल्या लेकराची वसतिगृहाची सोय प्रवेशाआधी झाली नाही, तर पहिल्याच वर्षी गाडे अडते.

म्हणून माझे सांगणे सोपे आहे. पाच वर्षांची फी, राहणे आणि घरच्यांचा शब्द हे तिन्ही पक्के असेल, तर पाच वर्षांची वाट धरा. यातले एकही डळमळीत असेल, तर जवळच्या महाविद्यालयात बी.ए. करा आणि मग तीन वर्षांचे एलएल.बी. एक वर्ष जास्त जाईल, पण तिसऱ्या वर्षी एक पदवी हातात असेल.

इंग्रजीला मात्र घाबरू नका. कायद्याची पुस्तके बहुतेक इंग्रजीत असतात, ती सवयीने वाचता येतात. महाराष्ट्रातल्या जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा १९९८ पासून मराठी आहे. वकील, दावा, फिर्याद, जामीन हे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीचेच होऊन गेले. आपल्या घरांत, मोहल्ल्यांत, वस्त्यांवर ते रोज बोलले जातात. अशिलाची अडचण त्याच्याच बोलीत ऐकून घेणारा वकील आपल्या तालुक्यांना हवा आहे.

मुलींच्या वडिलांना एवढेच सांगतो. प्रवेशाच्या कागदावर सही करताना पाच वर्षांचा शब्द द्या. तिसऱ्या वर्षी चांगले स्थळ आले, तर त्यांनाही तो शब्द सांगा.