अटकेपार गेले, मग परत का आले?

मुलांनो, 'अटकेपार झेंडा लावणे' हा वाक्प्रचार आपण वाक्यात उपयोग करून मोकळे होतो. पण खापरखेड्याच्या आमच्या वर्गात एकाने विचारलंच, "गुरुजी, एवढ्या लांब गेले, मग परत कशाला आले?"

बिनतोड प्रश्न! अटक हा सिंधू नदीकाठचा किल्ला, आज पाकिस्तानात. एप्रिल १७५८ मध्ये राघोबादादा लाहोरला पोचले. ४ मेच्या पत्रात त्यांनी पेशव्यांना थेट काबूल-कंदाहारचे बेत कळवले. पण पुणे शेकडो कोस दूर, पावसाळा तोंडावर, फौजेचा खर्च डोईजड. राहावे की फिरावे?

दादा फिरले. वर्षाला ७५ लाख रुपये द्यायच्या बोलीवर पंजाब अदिना बेगाकडे सोपवला. सप्टेंबरात तोच वारला! मग साबाजी शिंद्यांनी पंजाब सांभाळला; पण १७५९ मध्ये अब्दालीच्या फौजेने त्यांना मागे रेटलं. १४ जानेवारी १७६१ ला पानिपत झालं.

मग दादा चुकले का? थांबले असते, तर फौजेचा पगार कुठून आला असता? झेंडा लावायला एक दिवस पुरतो. राखायला रोज दाणा, पैसा आणि माणसं लागतात.

आज जेवताना आई-बाबांना विचारा : तुम्ही काय केलं असतं?