वेगाची हौस आणि ऑटोक्रॉस

वेगाचे आकर्षण तरुण मनास स्वाभाविक आहे. परंतु त्या हौसेस योग्य स्थळ लाभले नाही, तर ती स्वतःच्या आणि परक्याच्याही जिवावर उठते. सार्वजनिक रस्ता हे शर्यतीचे मैदान नव्हे. ज्यांना मोटार हाकण्यातील आपले कौशल्य अजमावयाचे आहे, त्यांच्यासाठी ‘ऑटोक्रॉस’ हा हौशी खेळ आहे. त्याची थोडक्यात ओळख आम्ही येथे करून देत आहोत.

इंग्लंडात हा खेळ गवताच्या किंवा मातीच्या मैदानावर खेळला जातो. अमेरिकेत विस्तीर्ण डांबरी आवारात रबरी शंकू मांडून वळणावळणाचा मार्ग आखतात. तेथे १९४४ साली स्थापन झालेला ‘स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका’ अशा स्पर्धा भरवितो. स्पर्धकाची झुंज शेजारच्या गाडीशी नसून घड्याळाशी असते. एक शंकू पाडला की वेळेत २ सेकंदांची भर पडते, आणि मार्ग चुकल्यास ती फेरीच बाद होते. भारतात मोटारक्रीडेचे नियमन १९७१ साली स्थापन झालेली ‘फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्‌स क्लब्ज ऑफ इंडिया’ ही संस्था करते.

नवशिक्याने प्रथम गाडीवर खर्च करण्याचा मोह टाळावा. नित्य वापरातील सुस्थितीतील गाडी आरंभास पुरेशी असते. मात्र ब्रेक, टायरांतील हवा व चाकांचे नट नीट तपासावेत, आणि गाडीतील सुटे सामान बाहेर काढून ठेवावे. शिरस्त्राण व आसनपट्टा यांवाचून गाडी सुरूही करू नये. त्यानंतर आखलेला मार्ग दोन-तीन वेळा पायी फिरून मनात पक्का बसवावा.

आता वळण घेण्याचे मर्म पाहू. टायरची जमिनीवरील पकड मर्यादित असते. गाडी थांबविणे, वळविणे आणि तिचा वेग वाढविणे ही तिन्ही कामे त्या एकाच पकडीतून भागवावी लागतात. तेच वळण ताशी ४० ऐवजी ६० किलोमीटर वेगाने घेतले, तर वेग दीडपट होतो. पण लागणारी पकड सव्वादोनपट होते, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. म्हणून वळणापूर्वी, गाडी सरळ असतानाच, ब्रेक लावून वेग उतरवावा. वळण शांतपणे घ्यावे आणि चाक सरळ होऊ लागले की हळूहळू वेग वाढवावा. वळणात वेगाने शिरणाऱ्याची गाडी बाहेर घसरते, आणि वाचविल्यासारखा वाटणारा वेळ दुपटीने खर्ची पडतो.

दृष्टी जवळच्या शंकूवर खिळवू नये. ती पुढच्या वळणाकडे असावी. हात बहुधा नजरेमागे जातात. पहिल्या दिवशी विजयाची आकांक्षा न धरता एकही शंकू न पाडण्याचा संकल्प करावा. शक्य असल्यास जाणत्या चालकास शेजारी बसवून त्याच्याकडून आपले दोष समजून घ्यावेत.

आमच्या विद्यार्थिमित्रांस मात्र थोडे थांबावे लागेल. आपल्या देशात मोटार चालविण्याचा परवाना वयाची १८ वर्षे पूर्ण झाल्यावरच मिळतो. तोवर वेग आणि पकड यांचे गणित सायकलवरही शिकता येईल. मैदानावर वेगाची हौस फिटलेला चालक घरी परतताना रस्त्यावरील वृद्धांसाठी व बालकांसाठी आपणहून गाडी हळू करील, तर या खेळाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.