छातीचे ऑपरेशन झाले, आता पुढे काय?



पोलीस भरतीत छाती मोजतात तेव्हा अंगात शर्ट नसतो. न फुगवता 79 सेंटीमीटर आणि फुगवल्यावर आणखी 5 सेंटीमीटर, हे माप आपल्या वस्तीतल्या पोरांना पाठ असते. पण पहाटे धावायला जाणाऱ्या काही पोरांना धावण्यापेक्षा शर्ट काढण्याचीच भीती जास्त वाटते. त्यांची छाती बाईसारखी वाढलेली असते. मित्र चिडवतात, घरात बोलता येत नाही. उन्हाळ्यातही दोन बनियन घालून ही मुले फिरतात.

या वाढीला डॉक्टर गायनेकोमास्टिया म्हणतात. ही नुसती चरबी नसते, आत दुधाच्या ग्रंथीसारखी गाठ वाढलेली असते. वयात येताना बऱ्याच मुलांना हा त्रास होतो आणि बहुतेकांचा एक-दोन वर्षांत आपोआप जातो. म्हणून पंधरा वर्षांच्या मुलाला घाईने ऑपरेशनला नेऊ नये. काहींमध्ये जिममध्ये मिळणारी स्टेरॉइडची इंजेक्शने, दारूने खराब झालेले लिव्हर, काही औषधे किंवा अंडकोषाचा आजार हे कारण असते. आधी कारण शोधायचे, मग ऑपरेशनचा विचार करायचा. डॉक्टरांनी चालू केलेले कोणतेही औषध मात्र मनाने बंद करू नका. यात पुरुषत्वाला कमीपणा काहीच नाही. शरीरातल्या हार्मोनचा तोल बिघडल्याने हे होते. इसवी सनाच्या सातव्या शतकातल्या पॉल नावाच्या ग्रीक वैद्यानेही यावरच्या शस्त्रक्रियेचे वर्णन करून ठेवले आहे.

अंबड, सातपूरच्या कारखान्यांत कमावणारी काही तरुण मुले आता पैसे साठवून हे ऑपरेशन करून घेतात. ऑपरेशन दोन-एक तासांचे असते. बरेच जण त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी येतात. पण घरी आला म्हणजे बरा झाला असे नाही. छाती पूर्ण बरी व्हायला कित्येक महिने लागतात, हे आधी कोणी समजावून सांगितलेले नसले तर माणूस घाबरतो.

पहिले दोन आठवडे

छाती सुजते, काळी-निळी पडते, दुखते. हे अपेक्षितच आहे. काहींना साचलेले पाणी बाहेर काढण्यासाठी नळी ठेवतात, ती डॉक्टरच काढतात. घट्ट बनियन दिवसरात्र घालावे लागते, साधारण चार ते सहा आठवडे. घामाने अंगाला खाज सुटते म्हणून ते काढून ठेवू नका. जमल्यास दोन बनियन घ्या, म्हणजे एक धुता येईल. पाठीवर झोपा, डोक्याखाली दोन उशा घ्या. आंघोळ कधी करायची आणि मोटारसायकल कधी चालवायची, हे डॉक्टरांना विचारूनच ठरवा. विडी, सिगारेट, तंबाखू आणि गुटखा बंद ठेवा, कारण निकोटिनमुळे जखमेला रक्त कमी मिळते आणि ती उशिरा भरते.

कामावर परत जाताना

बसून काम करणारा माणूस साधारण आठवड्याभरात कामावर जाऊ शकतो. पण मशिनवर जड जॉब उचलणारे, हमाली करणारे, सेंट्रिंगवाले यांनी चार ते सहा आठवडे वजन उचलू नये. जोर आणि जिमही तोवर बंद. रोजंदारी बुडते म्हणून दहाव्या दिवशी पोते उचलले, तर आत रक्तस्राव होऊन पुन्हा दवाखाना गाठावा लागेल. डॉक्टरांकडून हलक्या कामाची चिठ्ठी घ्या आणि ती सुपरवायझरला दाखवा.

ज्यांचे ईएसआय कापले जाते, त्यांनी ऑपरेशनआधीच ईएसआय दवाखान्यात चौकशी करावी. सातपूरला ईएसआयचे रुग्णालय आहे. नियमात बसणाऱ्या कामगाराला आजारपणात पगाराच्या 70 टक्के भत्ता वर्षाला 91 दिवसांपर्यंत मिळतो, पण त्यासाठी तिथल्या डॉक्टरांचा दाखला लागतो. केवळ दिसण्यासाठी केलेल्या ऑपरेशनचा खर्च सरकारी योजनांत सहसा बसत नाही, म्हणून कर्ज काढण्याआधी हे विचारून घ्या.

महिने गेले तरी राहणारी काळजी

बोंडीभोवती बधिरपणा किंवा मुंग्या येणे काही महिने टिकते. बहुतेकांची जाणीव हळूहळू परत येते, पण थोड्या जणांना बधिरपणा कायम राहतो.

कातडीखाली टणक लागते, तेव्हा गाठ परत आली असे वाटते. बहुधा ती आत भरत आलेली जखम असते आणि तीन ते सहा महिन्यांत मऊ पडते. मालिश करायची की नाही आणि कशी, हे डॉक्टरांकडूनच शिकून घ्या.

एक बाजू थोडी मोठी दिसणे, खळगा पडणे, कातडी सैल राहणे असेही होते. सूज पूर्ण उतरायला सहा महिने लागू शकतात आणि वण फिका व्हायला वर्ष लागते. म्हणून दुसऱ्या महिन्यात आरशात पाहून ऑपरेशन फसले असे ठरवू नका. आपल्याकडे काहींच्या अंगावर वण जाड आणि उंच वाढतो, त्याला केलॉइड म्हणतात. पूर्वी कान टोचल्यावर किंवा जखम झाल्यावर असे झाले असेल, तर ते ऑपरेशनआधीच सांगावे.

छाती परत वाढू शकते का? खळगा पडू नये म्हणून बोंडीखाली थोडी ग्रंथी मुद्दाम ठेवतात. वजन खूप वाढले, स्टेरॉइड पुन्हा घेतले किंवा मूळ आजार तसाच राहिला, तर ती वाढू शकते.

या वेळी थांबू नका

पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू अचानक फुगली, ताठ झाली, दुखणे वाढत गेले तर आत रक्त साचत असू शकते. रात्र असली तरी दवाखाना गाठा. ताप, पू किंवा वाढत जाणारी लाली दिसली तरी त्याच दिवशी जा. दम लागला, छातीत कळ आली किंवा एका पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर लगेच निघा. कातडीखाली पाणी हलल्यासारखे वाटले तर ते डॉक्टर सुईने काढतात. घरी दाबून किंवा टोचून काढू नका. लेप, भस्म, अंगारा जखमेवर लावू नका.

काढलेली गाठ तपासणीला पाठवली का, हे विचारा आणि रिपोर्ट जपून ठेवा. स्तनाचा कर्करोग पुरुषांनाही होतो. असे रुग्ण शंभरात एकाहून कमी असले, तरी ते असतात. एकाच बाजूची कडक गाठ, बोंडीतून रक्त, आत ओढली गेलेली कातडी किंवा काखेत गाठ असेल, तर ऑपरेशन झालेले असो वा नसो, तपासणी करून घ्या.

आधी छाती लपवणारा माणूस नंतर त्रासही लपवतो. पैसे घालवून आलास, आता कुरकुर कशाला, असे घरचे म्हणतील याची त्याला धास्ती असते. म्हणून आईने, बायकोने, भावाने स्वतःहून विचारावे, तपासणीच्या तारखेला सोबत जावे आणि वस्तीत त्याची चर्चा करू नये. आणि भावांनो, टाके निघाले तरी पुढच्या तपासण्या चुकवू नका. डॉक्टरांसमोर शर्ट काढायला लाजू नका.