व्यवसायविषयक पुस्तकाची प्रसिद्धी : लखनौची जुनी वाट आणि आजचा खर्च

लखनौ : उद्योग-व्यवसायावर पुस्तक लिहिणारी व्यक्ती बहुधा व्यावसायिक लेखक नसते. ती व्यापारी, सनदी लेखापाल, प्राध्यापक किंवा निवृत्त बँक अधिकारी असते. पुस्तक छापून हाती आले की प्रसिद्धीचा प्रश्न उभा राहतो आणि 'मुलाखत मिळवून देतो' असे सांगत पैसे मागणारे मध्यस्थही भेटतात. लेखकाची पदरची बचत कधी कधी तेथेच संपते. वास्तविक या कामाला पैशापेक्षा चिकाटी अधिक लागते. त्याचा सर्वांत जुना व मोठा दाखला लखनौ शहरातच आहे.

नोव्हेंबर 1858 मध्ये मुन्शी नवल किशोर यांनी येथे छापखाना काढला. आदल्या वर्षीच्या उठावानंतर शहर उद्ध्वस्त झाले होते आणि नवाबी आश्रय संपला होता. लाहोरच्या 'कोहिनूर' छापखान्यात काम शिकलेल्या या तरुणाचे वय तेव्हा अवघे 22 वर्षांचे होते. छापखान्याच्या जोडीने त्यांनी 'अवध अखबार' हे उर्दू वृत्तपत्र चालवले आणि 1877 मध्ये ते दैनिक केले. छापखान्याच्या पुस्तकांच्या जाहिराती त्यात येत असतच. पण खरी किमया जाहिरातीची नव्हती. 1878 मध्ये रतननाथ सरशार संपादकपदी आले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरपासून त्यांची 'फसाना-ए-आझाद' ही दीर्घकथा अंकांतून क्रमशः प्रसिद्ध होऊ लागली. पुस्तक 1880 मध्ये निघाले, तोवर त्याचा वाचक तयार झालेला होता. मराठीत हरि नारायण आपटे यांच्या कादंबऱ्याही 'करमणूक' साप्ताहिकातून अशाच वाचकांच्या घरी पोहोचल्या.

माफक किंमत हे नवल किशोर यांचे दुसरे साधन होते. स्वस्त आवृत्त्या आणि त्यांवर ठळकपणे येणारे छापखान्याचे नाव यांमुळे ते नाव हीच मालाची खूण बनली. या छापखान्यातून सुमारे 5 हजार पुस्तके निघाल्याचे मानले जाते. मिर्झा गालिब यांचा फारसी काव्यसंग्रहही 1863 मध्ये येथेच छापला गेला.

आजच्या लेखकाजवळ स्वतःचे वृत्तपत्र नसते. म्हणून त्याला मुलाखतीचा आधार घ्यावा लागतो आणि गल्लत होते ती याच ठिकाणी. 'माझे पुस्तक प्रसिद्ध झाले' ही बातमी लेखकापुरती मोठी असते. वृत्तसंपादकाला हवा असतो चालू घडामोडीवर अधिकाराने बोलणारा माणूस. लखनौच्या चिकनकारीतील उधारीच्या व्यवहारावर कोणी पुस्तक लिहिले असेल, तर त्याने प्रकाशन समारंभाचे निमंत्रण धाडण्यापेक्षा 1 फेब्रुवारीला, केंद्रीय अर्थसंकल्पाच्या दिवशी, लघुउद्योगांच्या थकलेल्या येण्यांविषयी बोलण्याची तयारी आधीच कळवावी. उत्तर प्रदेशाची 'एक जिल्हा एक उत्पादन' योजना 24 जानेवारी 2018 रोजी सुरू झाली. तिचा वर्धापनदिन हेही असेच निमित्त ठरते. पत्र अर्ध्या पानाचे असावे. त्यात एक ठाम म्हणणे, त्याला आधार देणारा एक आकडा आणि लेखकाचा त्या धंद्यातील अनुभव, एवढे पुरेसे होते. मुलाखतीत दर दोन वाक्यांनी पुस्तकाचे नाव घेणारा लेखक श्रोत्याला लवकर नकोसा होतो.

पैसे देऊन छापून आणलेली मुलाखत ही जाहिरातच होय. जाहिरात आणि बातमी यांतील भेद वाचकाला स्पष्ट दिसला पाहिजे, हा भारतीय वृत्तपत्र परिषदेचा दंडक आहे. समाजमाध्यमांवर मोबदला घेऊन शिफारस करणाऱ्यांनी तो संबंध उघड करावा, असे केंद्र सरकारच्या जानेवारी 2023 च्या मार्गदर्शक सूचना सांगतात. व्यवहारातील विश्वासावर पुस्तक लिहिणाऱ्यानेच हे टाळले, तर त्याच्या उपदेशाला अर्थ राहत नाही.

चर्चा कधी न मागताही वाट्याला येते. लखनौत मुख्यालय असलेल्या सहारा समूहावरील तमाल बंद्योपाध्याय यांच्या पुस्तकाविरुद्ध 200 कोटी रुपयांचा मानहानीचा दावा दाखल झाला आणि डिसेंबर 2013 मध्ये कोलकाता उच्च न्यायालयाने प्रकाशनास स्थगिती दिली. पुढे तडजोड होऊन 2014 मध्ये, समूहाच्या खुलाशासह, पुस्तक बाजारात आले. देशभर नाव झाले खरे, पण हा मार्ग कोणी आपणहून निवडणार नाही.

किमतीचे महत्त्व आजही ओसरलेले नाही. भारतीय व्यवस्थापन संस्था, अहमदाबाद येथील 25 उद्योजक माजी विद्यार्थ्यांवरील रश्मी बन्सल यांचे 'स्टे हंग्री स्टे फूलिश' 2008 मध्ये अवघ्या 125 रुपयांना आले आणि एरवी अशा पुस्तकांच्या वाटेस न जाणाऱ्या तरुणांनी ते उचलले. ओळख ठसवण्याचे उरलेले काम थोड्या खर्चात होते. मुखपृष्ठाचा रंग आणि पुस्तकाचा आशय सांगणारे एकच वाक्य भेटपत्रावर, व्हॉट्सॲप संदेशात व व्याख्यानाच्या फलकावर सारखे ठेवावे. दर महिन्याला नवे घोषवाक्य काढणाऱ्याचे एकही लक्षात राहत नाही. मराठी प्रकाशकांची प्रकाशनपूर्व सवलत योजना तर दुहेरी उपयोगाची आहे; छपाईचा काही खर्च आधीच हाती येतो आणि पहिल्या ग्राहकांची यादीही तयार होते.

आयएसबीएन क्रमांक भारतात विनाशुल्क मिळतो. परगावच्या ग्राहकासाठी टपाल खात्याने 1 मे 2025 पासून 'ज्ञान पोस्ट' सेवा सुरू केली असून, 300 ग्रॅमपर्यंतच्या पुस्तकाला 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये, अधिक कर, असे तिचे आरंभीचे दर आहेत. मात्र व्यापारी स्वरूपाचे वा जाहिराती असलेले प्रकाशन या सवलतीत बसत नाही. त्यामुळे पुस्तकाच्या अखेरीस स्वतःच्या सल्लागार कंपनीची रंगीत जाहिरात जोडण्याचा मोह झालेल्या लेखकाने आधी टपाल कचेरीत चौकशी केलेली बरी.