फुटबॉलच्या ट्रान्सफरचा पैसा कुणाला मिळतो? अपुइया, खालिद जमील आणि आपली पोरं

आमच्या शाळेत दहावीला एक मुलगा आहे. नाव सांगत नाही. वडील सिमेंट कंपनीत ठेकेदाराकडे कामाला, आई घरी शिलाई करते. पोरगा मैदानाच्या मधोमध खेळतो आणि चांगला खेळतो. मागच्या महिन्यात जुम्याच्या नमाजनंतर त्याच्या अब्बूंनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "सर, एक फोन आला होता जी. पोराचा व्हिडिओ पाहिला म्हणे कुठंतरी. मोठ्या शहरात ट्रायल आहे, तीस हजार भरा, पुढं मोठ्या क्लबमध्ये ट्रान्सफर करून देतो म्हणे. ट्रान्सफरमध्ये लाखो रुपये भेटतात म्हणे. भरू का?"

मी तिथल्या तिथे सांगितलं, भरू नका. पण त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की उत्तर पटलेलं नाही. त्यांना वाटलं असेल, मास्तरला काय कळतं. घरी आल्यावर विचार केला, त्यांचं तरी काय चुकलं? टीव्हीवर, मोबाईलवर रोज कोटींचे आकडे येतात. तो पैसा कोण देतो, कुणाला देतो, कशासाठी देतो, हे कोरपन्यासारख्या ठिकाणी कुणी समजावून सांगत नाही. म्हणून हा लेख.

आम्हा शिक्षकांना बदली म्हटलं की वेगळंच आठवतं. ऑनलाइन फॉर्म भरायचा, यादीची वाट पाहायची आणि मग सामान टेम्पोत टाकून निघायचं. पगार तोच. फुटबॉलमधली बदली तशी नसते. खेळाडूचा क्लबशी ठराविक वर्षांचा लेखी करार असतो. करार चालू असताना दुसऱ्या क्लबला तो खेळाडू हवा असेल, तर त्याने पहिल्या क्लबला करार मोडण्याची किंमत द्यायची. हीच ट्रान्सफर फी. ही रक्कम एका क्लबकडून दुसऱ्या क्लबकडे जाते. खेळाडूला मिळतो तो नव्या क्लबचा पगार आणि करारात लिहिलेलं असेल ते बाकीचं. करार संपला असेल तर फीच नसते, खेळाडू मोकळा असतो. आता विचार करा, ज्या मुलाचा कुठल्याच क्लबशी करार नाही, त्याची 'ट्रान्सफर' कोण कशी करून देणार?

एक खरं उदाहरण घेऊ, आपल्याच राज्यातल्या क्लबचं.

लालेंगमाविया राल्ते हा मिझोरामचा मुलगा, जन्म 17 ऑक्टोबर 2000. सगळे त्याला अपुइया म्हणतात. 2017 साली भारतात 17 वर्षांखालच्या मुलांचा वर्ल्ड कप झाला, त्यात भारताच्या 21 जणांच्या संघात तो होता. त्याच संघात कोल्हापूरचा अनिकेत जाधवही होता. त्यानंतर अपुइया इंडियन ॲरोजकडून खेळला. हा फुटबॉल महासंघाचा संघ होता. त्यात सगळी तरुण पोरं, एकही परदेशी खेळाडू नाही आणि सामने थेट आय-लीगमधल्या मोठ्या माणसांच्या संघांशी. हरायचे पुष्कळ. पण अठरा वर्षांच्या मुलाला दर आठवड्याला पूर्ण सामना खेळायला मिळायचा.

2019 मध्ये तो गुवाहाटीच्या नॉर्थईस्ट युनायटेडकडे आला. पुढच्या हंगामात, वयाच्या विसाव्या वर्षी, क्लबने त्याला कप्तान केलं. इंडियन सुपर लीगच्या इतिहासातला तो सर्वांत तरुण कप्तान ठरला. तो कोविडचा हंगाम होता. सगळे सामने गोव्यात, रिकाम्या स्टेडियममध्ये.

इथे या गोष्टीत आपल्या ओळखीचं नाव येतं. जानेवारी 2021 मध्ये नॉर्थईस्टने परदेशी कोचला काढलं आणि संघ तात्पुरता खालिद जमील यांच्या हाती दिला. खालिद यांचा जन्म कुवेतचा, घडले मुंबईत. महिंद्रा युनायटेड, एअर इंडिया, मुंबई एफसी अशा मुंबईच्या संघांकडून ते खेळले, तेही मिडफिल्डर म्हणूनच. दुखापतींनी खेळ लवकर थांबवला. मग कोच झाले. 2016-17 मध्ये त्यांनी ऐझॉल एफसी या छोट्या क्लबला आय-लीग जिंकून दिली तेव्हा मोठमोठ्या क्लबांना धक्का बसला होता. ईशान्य भारतातला कुठलाही क्लब त्याआधी ती लीग जिंकला नव्हता. मिझोरामच्या मुलांची भाषा येत नसेल, पण त्यांचा खेळ खालिद यांना चांगला ठाऊक होता.

खालिद आले आणि नॉर्थईस्ट साखळीतला एकही सामना पुढे हरलं नाही. तिसऱ्या क्रमांकाने प्ले-ऑफमध्ये गेलं आणि उपांत्य फेरीत एटीके मोहन बागानकडून हरलं. अपुइयाला त्या हंगामातला सर्वोत्तम उदयोन्मुख खेळाडू निवडलं गेलं. 25 मार्च 2021 ला दुबईत ओमानविरुद्ध तो भारताकडून पहिल्यांदा खेळला. आणि त्याच वर्षी मुंबई सिटीने नॉर्थईस्टला फी मोजून त्याला घेतलं. भारतीय खेळाडूसाठी त्या काळात ही फार मोठी रक्कम मानली गेली.

हा क्रम नीट पाहा. आधी दोन-तीन वर्षं सलग सामने, मग जबाबदारी, मग बक्षीस, मग देशाचा शर्ट आणि सगळ्यात शेवटी ट्रान्सफर.

आता कुणी विचारेल, त्याने गोल किती केले? फार थोडे. तरी एवढी किंमत कशाला? कारण तो मैदानाच्या मधल्या भागात, बचावाच्या थोडा पुढे खेळतो. त्या जागेवरच्या माणसाचं काम पेपरात छापून येत नाही. समोरच्या संघाकडून बॉल हिसकायचा आणि लगेच आपल्या मोकळ्या माणसाला द्यायचा. बॉल पायात येण्याआधी मान वळवून दोन्हीकडे पाहून ठेवायचं. बचावातला खेळाडू पुढे धावला तर त्याची जागा भरायची. नव्वद मिनिटं हेच. माझ्या वर्गातली पोरं मोबाईलवर फक्त गोल पाहतात, त्यामुळे त्यांना वाटतं फुटबॉल म्हणजे गोल मारणारा. मी त्यांना सांगतो, एक अख्खा सामना बघा आणि फक्त सहा किंवा आठ नंबरच्या शर्टवर नजर ठेवा. पंधरा मिनिटांत कंटाळतात, हे खरं आहे. त्या दहावीच्या मुलाने मात्र पूर्ण पाहिला आणि दुसऱ्या दिवशी वहीत मैदान काढून आणलं.

मोठ्या क्लबमध्ये गेला म्हणजे लगेच सगळं छान झालं असंही नाही. मुंबई सिटी तेव्हा चॅम्पियन होती, लीग शील्ड आणि कप दोन्ही त्यांच्याकडे. अपुइया आला त्या 2021-22 च्या हंगामात कोच बदलला, कोविडमुळे सामने पुन्हा गोव्यातच झाले आणि संघ पाचवा आला. प्ले-ऑफसुद्धा हुकलं. म्हणजे मुंबईला बदली झालेला मुलगा पहिलं वर्ष लीगमध्ये मुंबईत खेळलाच नाही! पण त्याला संघातून काढून बाजूला बसवलं नाही. एप्रिल 2022 मध्ये, रमजानच्या महिन्यात, मुंबई सिटी आशियाई चॅम्पियन्स लीगसाठी रियाधला गेली आणि 11 एप्रिलला इराकच्या एअर फोर्स क्लबला 2-1 ने हरवलं. त्या स्पर्धेत सामना जिंकणारा हा पहिला भारतीय क्लब. विजयी गोल आपल्या मुंबईच्या राहुल भेकेचा, हेडरने. अपुइया त्या संघात होता. पुढच्या हंगामात, 2022-23 मध्ये, मुंबईने लीग शील्ड जिंकली आणि 4 मे 2024 ला कोलकात्यात मोहन बागानला त्यांच्याच मैदानावर 3-1 ने हरवून कपही घेतला. लगेच त्याच उन्हाळ्यात मोहन बागानने अपुइयाला आपल्याकडे खेचलं. ज्याने हरवलं त्यालाच विकत घ्यायचं, फुटबॉलमध्ये हे चालतं.

यानंतरचा प्रसंग मला स्वतःला फार आवडतो. 7 एप्रिल 2025, कोलकाता, उपांत्य फेरीचा दुसरा सामना. समोर जमशेदपूर एफसी आणि त्यांचे कोच खालिद जमील. पहिला सामना जमशेदपूरने 2-1 ने जिंकला होता. दुसऱ्यात बागान 1-0 ने पुढे, म्हणजे एकूण 2-2. वेळ संपलेली, जादा वेळेची चारच मिनिटं झाली होती आणि अपुइयाने बॉक्सच्या बाहेरून असा फटका मारला की बॉल थेट जाळ्यात. जमशेदपूर बाहेर, बागान फायनलमध्ये आणि पाच दिवसांनी चॅम्पियन. ज्या कोचच्या हाताखाली हा मुलगा नावारूपाला आला, त्यांचंच स्वप्न त्याने शेवटच्या क्षणी मोडलं. शागिर्दाने उस्तादाला हरवलं तर उस्तादाला वाईट वाटतं की बरं वाटतं, हे मी आमच्या स्टाफरूममध्ये विचारलं तर अर्धा तास वाद झाला. ऑगस्ट 2025 मध्ये खालिद जमील भारतीय संघाचे कोच झाले. त्या खुर्चीवर भारतीय माणूस तेरा वर्षांनी बसला.

बदलीचा आणखी एक प्रकार सांगून टाकतो. जुलै 2023 मध्ये केरळ ब्लास्टर्सचा मिडफिल्डर सहल अब्दुल समद मोहन बागानकडे गेला, तेव्हा बागानने केरळला आपला अनुभवी बचावपटू प्रीतम कोटाल दिला. अदलाबदल. सहलचा जन्म अमिरातीतल्या अल ऐनचा, मूळ घर कन्नूर. आखाती देशात राहणाऱ्या आपल्या अनेक घरांसारखंच घर. तो भारतात आला, कॉलेजमध्ये शिकत असताना विद्यापीठाकडून खेळला, मग संतोष ट्रॉफीत केरळकडून आणि मग मोठा क्लब. शिक्षण सोडून कुठे पळावं लागलं नाही.

चांगली बाजू सांगितली, आता दुसरीही सांगतो, कारण घरच्यांना निर्णय घ्यायचा असतो. जुलै 2025 मध्ये इंडियन सुपर लीगचा नवा हंगामच लांबणीवर पडला. महासंघ आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार संपत होता आणि नव्याचं जमत नव्हतं. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार थांबवले. देशासाठी खेळलेली माणसं सोशल मीडियावर हात जोडून म्हणत होती, आम्हाला फक्त खेळायचं आहे. 2017 च्या वर्ल्ड कपमधले ते 21 जण घ्या, सगळ्यांचं नशीब अपुइयासारखं निघालं नाही. म्हणून दहावी-बारावीची परीक्षा, एखादा आयटीआयचा ट्रेड, हे बाजूला ठेवून कुणी सांगत असेल की फक्त फुटबॉल, तर मी हात जोडतो.

मग आपल्या भागातल्या मुलाने जायचं कुठून? रस्ता आहे, पण तो फोनवरून येत नाही. शाळेचा संघ सुब्रतो मुखर्जी कपमध्ये उतरवायचा. तालुका, मग जिल्हा, मग विभाग, मग राज्य. नाव शाळेमार्फत जातं आणि निवडीसाठी हजारो रुपये कुणी मागत नाही. राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिन्या आहेत, तिथे राहणं, खाणं, शाळा आणि सराव एकत्र असतो. त्यांच्या चाचण्यांची माहिती चंद्रपूरच्या जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात मिळते. नागपूरजवळ कामठी आहे, जिथे रब्बानी क्लबसारखे संघ पिढ्यान्‌पिढ्या खेळत आले आहेत. नातेवाईक कामठीत असतील तर सुट्टीत पोराला दोन आठवडे तिथे पाठवा. आपल्यापेक्षा चांगल्या मुलांत हरून येईल, तेच हवं आहे. आमच्या भागात पाचवी ते दहावी तोच मुलगा सगळ्यांत चांगला असतो आणि तिथेच त्याचा खेळ थांबतो.

एजंट म्हणवणाऱ्यांबद्दल दोन गोष्टी. फिफाच्या नियमाने एजंटला परीक्षा देऊन लायसन्स घ्यावं लागतं. ते दाखवा म्हणायला लाजू नका. आणि 18 वर्षांखालच्या मुलाला परदेशी क्लबमध्ये नेण्यावर फिफाची बंदी आहे, मोजके अपवाद सोडून. सोळा वर्षांच्या मुलाला दुबईच्या नाहीतर युरोपच्या क्लबात घालतो म्हणणारा माणूस दिसला की पाकीट खिशात खोल ठेवा.

एक नियम मात्र आपल्या उपयोगाचा आहे आणि तो कुणी सांगत नाही. खेळाडू करार चालू असताना फी घेऊन एका देशातून दुसऱ्या देशात गेला, तर त्या फीचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. म्हणजे लहान गावातल्या नोंदणीकृत क्लबलाही कधीतरी हिस्सा मिळू शकतो. पण नोंद हवी. मुलगा कोणत्या वर्षी कुठे खेळला हे कागदावर नसेल तर पैसे नाहीत.

कागदावरून पुन्हा त्या मुलाकडे येतो. फोन करणाऱ्याला त्याच्या अब्बूंनी लायसन्स विचारलं. तेव्हापासून फोन आलेला नाही. तालुक्याच्या स्पर्धेसाठी मी कागद मागवले तर जन्मदाखल्यावर नाव 'शेख' लावून, आधारवर 'शेख' नाही आणि शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एक जानेवारी. आपल्या किती घरांत हीच एक जानेवारी आहे! अम्मी म्हणाल्या, "सर, तेव्हा ॲडमिशनच्या टायमाला जी लिहिली ती लिहिली." महासंघाच्या वयोगटाच्या स्पर्धांमध्ये वय तपासायला मनगटाचा एक्सरे काढतात, आणि दाखल्यात गडबड असेल तर चांगला खेळणारा मुलगाही घरी परत येतो. सध्या आम्ही तिघं, मी, त्याचे अब्बू आणि तो, तहसील आणि नगरपंचायतीच्या चकरा मारतोय. खेळ तो रोज संध्याकाळी खेळतोच आहे. परवा त्याने उजव्या पायाचा बॉल डाव्या पायाने बदलून असा पास दिला की पलीकडच्या टीमची पोरंसुद्धा क्षणभर थांबली.