अंगाचा दोष, की कापणीचा?

आमच्या शिराळ्यात नागपंचमी आठ दिवसांवर आली, की शिवणयंत्राला विसावा म्हणून मिळत नाही. माहेरवाशिणी यायच्या असतात आणि नव्या साडीखाली नवा परकर हवाच असतो. गेल्या पंचमीला अशाच गडबडीत शेजारच्या काकू परकर घेऊन आल्या आणि पायरीवर बसत म्हणाल्या, "ताई, ह्यो बी बसंना बघा. मागनं वर चढतोय, बसलं की ताणतोय. माझं आंगच बेढब, शिंपी तरी काय करणार?"

काकू अंगाने भरलेल्या. कंबर बेताची, सीट मोठी. त्यांनी पदर बाजूला केला, तेव्हा कमरेभोवती नाडीचा काळा वळ दिसला. एका जागी कातडी सोलवटली होती. परकर घसरू नये म्हणून त्या रोज नाडी करकचून आवळीत होत्या!

भगिनींनो, आपल्यापैकी पुष्कळजणी हेच करतात आणि दोष आपल्या अंगाला देतात. वास्तविक दोष कापणीचा असतो. तयार परकरात कमरेपाशी उरलेले कापड नाडीने गोळा करतात. त्या चुण्या आणि नाडीची गाठ नेमकी कातडीत रुतते. मागे भर असेल, तर कापड त्या उंचवट्यावरून जाताना लांबी खाते आणि मागची कड वर उचलते.

मी काकूंची मापे घेतली. कंबर ३४ इंच. कमरेखाली ८ इंचांवर, जिथे भर सर्वांत जास्त, तिथे ४५. कमरेपासून उंची पुढून ३६, मागून साडेसदतीस. मागची उंची निराळी घ्यायची, हीच यातली खरी खूण!

सहा कळ्यांचा परकर करायचे ठरवले. कमरेला २ इंच ढील धरून ३६, म्हणजे प्रत्येक कळीला ६. सीटला ३ इंच ढील धरून ४८, म्हणजे ८. खालचा घेर ८४, म्हणजे १४. प्रत्येक मापात शिलाईसाठी १ इंच मिळवला. मागच्या मधल्या कळीला वर दीड इंच वाढ दिली आणि ती दोन्ही बाजूंच्या शिवणीपर्यंत उतरती करीत नेली. पॉपलीन आधी भिजवून वाळवले होते. कळ्या उलटसुलट मांडल्या, की कापड वाचते.

नाडीला मात्र रजा दिली. दीड इंच रुंदीचा सपाट पट्टा लावला आणि डाव्या शिवणीत ८ इंचांची फट ठेवली. हूक अडकवायला दोन जागा केल्या, म्हणजे निऱ्या खोचल्यावर पट्टा थोडा सैल करता येतो. कळ्यांच्या तिरप्या कडा ओघळतात, म्हणून परकर रात्रभर टांगून ठेवला आणि सकाळी खालची कड सारखी करून दुमडली.

ही केवळ टापटिपीची बाब नाही. २०२४ साली वर्धा आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची हकीकत एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. वर्षानुवर्षे कमरेला घट्ट आवळल्याने झालेली त्यांची जखम बरी झाली नाही. तिथे कर्करोग झाला. त्यांतली एक तर परकराशिवाय लुगडेच घट्ट बांधणारी होती. असे क्वचितच घडते. घाबरून जाऊ नये. पण कमरेची जखम भरत नसेल, तर हळद लावून दिवस काढू नयेत, डॉक्टरांना दाखवावी. काकूंनाही मी आधी दवाखान्यात धाडले, मगच परकर दिला.

पंचमीला त्या नवी साडी नेसून आल्या, मांडी घालून बसल्या आणि उठल्या. परकर जागचा हलला नाही.

"नाडी न्हाई म्हणून सारखा हात कमरंकडं जातोय बघा," त्या हसत म्हणाल्या, "पर काचत न्हाई."

मैत्रिणींनो, यंदा दिवाळीच्या साडीवर जितका वेळ घालवाल, त्यातली दहा मिनिटे टेप घेऊन स्वतःसाठी ठेवा. आणि मागची उंची विसरू नका!