मेलेल्या मशीनची जिवंत मोटर

भंडाऱ्यात दिवाळीच्या साफसफाईला जोर आलाय. खांब तलावाजवळच्या एका गल्लीत भंगारवाल्याची हातगाडी थांबलेली, वर एक सेमी-ऑटोमॅटिक वॉशिंग मशीन आडवं टाकलेलं. फाटकातून फिटरकाका बाहेर येतात. नोकरी संपली, हातातला पाना सुटलेला नाही. किलोच्या भावावर थोडे पैसे चढवले, की सौदा पटतो आणि मशीन अंगणात उतरतं.

पितळी भांड्यांचं हे गाव. फुटकी घागर मोडीत द्यायची आणि नवी घ्यायची, ही इथली जुनी रीत. पण घागर मोडीत गेली की वितळते. मशीनचं तसं नाही. ‘बाई म्हणते मशीन मेलं,’ काका मागचं पॅनेल उघडत म्हणतात, ‘मेला गिअरबॉक्स. बाकीच्यांनी काय गुन्हा केला?’

गंजलेल्या स्क्रूंवर रॉकेलचे दोन थेंब. टबाखाली तीन स्प्रिंगांवर बसलेली स्पिनची मोटर पुतण्या सोडवतो. आयटीआयला आहे. शाफ्ट फिरवून बघतो, हलत नाही.

‘जाम आहे जी, काका.’

‘जाम नाही बाप्पा, ब्रेक लागला आहे. झाकणाची तार ओढ.’

तार ओढताच पट्टा ढिला पडतो आणि शाफ्ट बोटाच्या धक्क्याने गरगरतो. झाकण उघडलं की टब थांबावा म्हणून असलेला तो ब्रेक काका आता काढूनच टाकतात.

मोटरच्या तीन तारा, तिन्हीचे रंग उडालेले. पुतण्या मीटर लावतो. पहिल्या जोडीत 38 ओहम, दुसरीत 52, तिसरीत 90. काका त्याच्याकडे बघत राहतात. पोरगा मनात बेरीज करतो, मग तिसऱ्या जोडीबाहेर उरलेली तार वर धरतो: ‘ही कॉमन.’ काका त्या तारेला लाल टेप गुंडाळतात. बाकी दोन तारांमध्ये 5 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लागतो.

थेट बोर्डात मात्र नाही. आधी शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब सिरीजमध्ये. मोटर शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटेल, फ्यूज उडणार नाही. बल्ब मंद लालसर होतो, मोटर हूं करून वळू लागते. मग बल्ब काढून, बॉडीला अर्थ जोडून पूर्ण दाब. 50 हर्ट्झवर ही मोटर मिनिटाला 1,400 च्या आसपास फेरे घेते. मिक्सरची मोटर हिच्या कितीतरी पट पळते, म्हणून काका ती धार लावायच्या सहाणेला घेत नाहीत. वेग जास्त झाला की पातं तापून निळं पडतं आणि त्याचं पाणी उतरतं.

लेथवर करून आणलेलं बुश शाफ्टवर चढतं, त्यावर सहाण, वर जाड पत्र्याचं गार्ड. काका चष्मा लावतात. धानाची कापणी तोंडावर आहे. शेजारच्या काकू दोन विळे घेऊन उभ्याच आहेत. ठिणग्या उडतात, काका मधेमधे पातं बादलीत बुडवतात.

तेवढ्यात गाडीवाला परततो. आता एक मायक्रोवेव्ह आहे.

‘घेता का जी? जड आहे.’

‘नको. तो तसाच जाऊ दे.’ मग पुतण्याकडे वळून, ‘प्लग काढला तरी याच्या कपॅसिटरात 2,000 व्होल्टच्या आसपास बसलेले असू शकतात. हात लावायचा नाही.’

काकू अंगठ्याने धार बघतात. ‘आमचा कूलर बंद पडला आहे जी. टाकी सडली.’

‘पंखा फिरते का?’

‘फिरते.’

‘मग भंगारात देऊ नका. धान उडवायला होऊन जाईल.’